साताऱ्यातलं जनवकिलीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: बाराशे रुपये वसूल होतात का?

दिवाळीनंतर साताऱ्यात सेवाभावी संस्थांसाठी एक दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, विषय असा की आपल्या कामातला प्रश्न विधिमंडळापर्यंत न्यायचा कसा, म्हणजे आपल्यात ज्याला जनवकिली किंवा ॲडव्होकसी म्हणतात ते. मी आणि आमच्या संस्थेच्या ताई, दोघी गेलो होतो. घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण बॅच तीसचीच असते, ओळखीतूनच भरते आणि जाहिरात करू नका असं त्यांनीच सांगितलंय. पण माण, खटाव, जत, आटपाडी भागातल्या बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की जाऊ का नको, बाराशे रुपये फी वसूल होते का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

जा. पाचपैकी चार तारे देते, एक कुठं कापला ते खाली येईलच.

आधी आमचं सांगते म्हणजे आम्ही काय अपेक्षेनं गेलो ते कळेल. आम्ही माण तालुक्यात एकल महिलांसोबत काम करतो, विधवा, परित्यक्ता, म्हाताऱ्या एकट्या राहणाऱ्या बायका. रेशनकार्ड वेगळं करून देणं, संजय गांधी निराधारचा आणि श्रावणबाळचा फॉर्म भरून तहसीलला देणं, बँकेत केवायसीला सोबत जाणं, हेच रोजचं. दहा-अकरा वर्षं हेच करतोय. आणि तेच तेच फॉर्म तीच तीच कारणं लागून परत येतात. दरवेळी आम्ही त्या एका बाईपुरतं भांडतो, कधी काम होतं कधी नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसरी बाई तेच कागद घेऊन दारात उभी असते. आमच्या विश्वस्तांचं म्हणणं कायम एकच, आपण सेवा करायची, आमदार-मंत्री हे राजकारण आपलं नाही, रजिस्ट्रेशन धोक्यात येईल. त्यामुळं या ट्रेनिंगला परवानगी मिळवायलाच दोन मीटिंगा लागल्या.

दहिवडीहून पहाटेची एसटी धरली, पुसेगावला चहा, नऊला पोवई नाक्यावर उतरून हॉलवर चालत गेलो. हॉल साधा, खुर्च्या प्लास्टिकच्या, खिडकीतून अजिंक्यतारा समोर. वेळेत सुरू झालं, हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडं दीपप्रज्वलन आणि सत्कारातच अकरा वाजतात, इथं हार-तुरे काही नव्हतं, थेट कामाला.

पहिलंच सत्र सगळ्यात भारी. भिंतीवर चार मोठे कागद लावलेले, कायदा, नियम, जीआर, बजेट. प्रत्येक संस्थेनं आपला एक प्रश्न कार्डावर लिहून यातल्या एका कागदाखाली चिकटवायचा. आम्ही लिहिलं, निराधार योजनेची उत्पन्नाची अट बदला, आणि चिकटवलं कायद्याखाली. तीसातल्या जवळजवळ सगळ्यांची कार्डं कायद्याखालीच. ट्रेनिंग घेणाऱ्या सरांनी काही न बोलता एकेक कार्ड काढून हलवायला सुरुवात केली. आमचं जीआरखाली गेलं. पलूसच्या एका संस्थेचं अंगणवाडीचं कार्ड बजेटखाली गेलं. शेवटी कायद्याच्या कागदाखाली तीनच उरली.

मग समजावलं. कायदा विधानसभा आणि विधानपरिषद करते, तिथं विधेयक यावं लागतं, दोन्हीकडं मंजूर व्हावं लागतं, राज्यपालांची सही लागते, कधी राष्ट्रपतींची पण. नियम त्या कायद्याखाली खातं बनवतं, बऱ्याचदा मसुदा राजपत्रात छापून हरकती-सूचना मागवतात, आणि त्या तीस-चाळीस दिवसात आपल्यातलं कुणी एक कागद पण पाठवत नाही. जीआर म्हणजे शासन निर्णय, तो खात्याच्या सहीनं निघतो, सभागृहात मतदान वगैरे काही नाही. आमच्या प्रश्नाचा मालक म्हणजे सामाजिक न्याय आणि विशेष सहाय्य विभाग. आम्ही इतकी वर्षं 'सरकारनं कायदा बदलावा' असं निवेदन तहसीलदारांना देत होतो, तहसीलदार ते पुढं पाठवत होते का नाही देव जाणे, पण पाठवलं असतं तरी ते चुकीच्याच दारात जाऊन पडलं असतं. हे ऐकताना ताईंचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत, दहा वर्षांची निवेदनं त्यांच्या हातची होती.

दुपारी आमच्याच कार्डावर अर्धा तास चर्चा झाली, ती मांडते कारण हा प्रश्न तुमच्याही तालुक्यात असणार. निराधार आणि श्रावणबाळ दोन्हीत आमच्या एकल बायकांना महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. महिन्याला १७५० झाले. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर होता ३१२ रुपये रोज. एखाद्या विधवेनं रोहयोवर अडुसष्ट दिवस काम केलं की झाले २१,२१६, म्हणजे त्या वर्षी शंभर दिवसांची हमी देणाऱ्या योजनेवर ती शंभर दिवस पूर्ण करायच्या आतच निराधारच्या मर्यादेबाहेर गेली. दुसरीकडं जुलै २०२४ पासून लाडकी बहीण सुरू झाली, पैसे तेवढेच, १५००, पण तिथली उत्पन्न मर्यादा अडीच लाख. आणि ती योजना पासष्टीपर्यंतच. म्हणजे तीच बाई, तेच घर, तेच उत्पन्न, पासष्ट संपले की लाडकी बहीणमधून बाहेर आणि श्रावणबाळच्या रांगेत, आणि तिथं गेल्यावर अडीच लाखाची मर्यादा एकदम २१ हजारावर येते. हात चालत होते तेव्हा पात्र होती, थकली तेव्हा अपात्र.

हे आकडे आम्हाला वेगवेगळे माहीत होते. सगळे. रोज फॉर्मवर लिहितो की. पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. आणि या मर्यादेमुळं गावात काय होतं तेही आम्हाला माहीत होतं, तलाठ्याकडं जाऊन २१ हजाराच्या आतला दाखला द्या म्हणून म्हाताऱ्या माणसाला गयावया करायला लागतं, म्हणजे खोटं बोलल्याशिवाय हक्काचं मिळत नाही. आमच्याकडं एक आजी आहेत, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्या म्हणाल्या होत्या, 'बाय, मी शेळ्या इकून पस्तीस हजार आल्याती ते आल्याती, खोटं कसं लिवू.' त्यांचा फॉर्म नामंजूर झाला. सरांनी विचारलं, अशी किती? आम्ही म्हणालो, लई. ते म्हणाले, लई चालत नाही, आकडा. रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून सोबत नेलेल्या रजिस्टरवरनं काढलं, उत्पन्नाच्या कारणानं परत आलेली ४१ नावं निघाली, गावासकट, तारखेसकट.

संध्याकाळचं सत्र आपल्याच भागातल्या उदाहरणांवर होतं आणि त्यातला विसापूरचा भाग मला फार लागला. तासगाव तालुक्यातलं विसापूर, सांगली जिल्हा. वि. स. पागे, जे तेव्हा विधानपरिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५ ला तिथं प्रयोग म्हणून सुरू केलं की गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, त्यातनं राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यातल्या पैशाची सोय तर आधीच, १९७५ ला व्यवसाय कर लावून केलेली. देशाचा कायदा आला २००५ ला. एका तालुक्यातला प्रयोग, आधी योजना, मग पैसा, मग कायदा, असा तो क्रम आहे. माणदेशात दुष्काळात ज्यांची घरं रोजगार हमीच्या कामावर तगली त्यांना हे सांगायला नको, माझी आज्जी नालाबंडिंगच्या कामावर जायची, पण या सगळ्याची सुरुवात आमच्यापासून तीन-चार तासांवरच्या गावात झाली हे मला चाळिशीत कळतंय.

दुसरं उदाहरण अर्थातच डॉ. नरेंद्र दाभोलकर. साताऱ्याचे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं प्रत्येक अधिवेशनाला निवेदनं, धरणं, आमदारांच्या भेटी, मसुद्यात बदल, परत भेटी. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चारच दिवसात वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. हॉलमध्ये हे सांगताना सगळे गप्प होते, साताऱ्यात बसून ऐकणं वेगळंच. पण सरांनी तिथंच थांबवलं नाही. विरोध करणाऱ्यांची भीती काय होती, की वारी, कीर्तन, हरिपाठ यावर बंदी येईल. तर कायद्यातच कलम टाकून स्पष्ट लिहिलं की प्रदक्षिणा, यात्रा, हरिनाम संकीर्तन वगैरेला हा कायदा लागू नाही. समोरच्याची भीती भाषणात उडवून न लावता मसुद्यात उत्तर द्यायचं, हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं. सामाजिक बहिष्काराच्या कायद्याचं पण सांगितलं, २०१६ च्या एप्रिलमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि राष्ट्रपतींची सही होऊन २०१७ च्या जुलैपासून लागू. म्हणजे पास झाला म्हणजे संपलं असं नाही, तिथनं पुढं पण पाठपुरावा.

हेरवाडचं पण आलं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, मिरजेहून जवळच. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पंधरा दिवसाच्या आत ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढलं की सगळ्या ग्रामपंचायतींनी असं करावं. आमच्या गटातल्या विधवा बायकांना हे माहीत आहे, तीन गावात आम्ही ठराव पण घेतले, पण ही पण जनवकिलीच आहे हे आमच्या डोक्यात नव्हतं.

आता एक तारा कुठं कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थांच्या कायदेशीर बाजूचं सत्र होतं, ज्याच्यासाठी आमच्या विश्वस्तांनी खास सांगितलेलं की हे नीट विचारून या. घेणारे पाहुणे पुण्याहून आलेले, त्यांच्या स्लाइडा सगळ्या अमेरिकेतल्या. तिकडं ५०१(सी)(३) नावाचा धर्मादाय संस्थांचा प्रकार आहे, त्यांना उमेदवाराचा प्रचार करायला पूर्ण मनाई पण कायद्यासाठी लॉबिंग मर्यादेत चालतं, १९७६ पासून तर किती खर्च चालेल याचं गणितच दिलंय, पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चाच्या २० टक्के आणि पुढं कमी कमी. माहिती चुकीची नाही, पण ते सातारच्या धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या ट्रस्टला काय कामाचं? आपल्याकडं तसलं टक्क्याचं गणित नाही. चाळीस मिनिटं गेली. शेवटी कराडच्या एका बाईंनी उभं राहून विचारलं की आमचं काय ते सांगा, तेव्हा गाडी रुळावर आली.

त्यातनं जे हाताला लागलं ते असं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या ट्रस्टनं पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, पक्षाला पैसे द्यायचे नाहीत, संस्थेची गाडी-हॉल निवडणुकीत द्यायचा नाही. पण आपल्या कामातल्या प्रश्नावर आमदाराला निवेदन देणं, मसुद्यावर हरकत पाठवणं, आकडेवारी देणं याला कुठं मनाई नाही, फक्त ते आपल्या घटनेतल्या उद्देशाशी जुळायला पाहिजे आणि सगळ्या पक्षांच्या लोकांना सारखंच द्यायचं. परदेशी निधी घेणाऱ्यांनी जास्त जपायचं, तो पैसा आमदार-खासदाराला किंवा पक्षाला जाता कामा नये, आणि 'राजकीय स्वरूपाची संस्था' ठरली तर निधी बंद. बंद-रास्ता रोको केला म्हणून कुठलीही संस्था राजकीय ठरत नाही, सक्रिय राजकारणाशी संबंध असेल तरच, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० च्या निकालात म्हटलंय. हे सगळं दहा मिनिटात उरकलं आणि यावर मराठीत एक पान पण दिलं नाही. विश्वस्तांना काय दाखवायचं आम्ही? तुम्ही जाल तेव्हा आधीच फोन करून सांगा की हे सत्र आपल्या कायद्यावरच घ्या, आणि तरी परत येऊन आपल्या सीएला विचाराच.

नंतरचा सराव मात्र त्या सगळ्याची भरपाई करणारा. एक टेबल, टेबलामागं सर आमदाराचे पीए म्हणून बसलेले, फोन वाजतोय, शेजारी बदलीची आणि दवाखान्याच्या बिलाची पत्रं घेऊन माणसं उभी (आपल्यातलीच उभी केलेली), आणि आपण जाऊन नव्वद सेकंदात आपलं म्हणणं सांगायचं. मी आमचं चौदा पानी निवेदन पुढं केलं. 'मा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला. म्हणाले, काय पाहिजे? मी परत योजनेची पार्श्वभूमी सुरू केली. परत हात. काय पाहिजे, कुणाकडून, कधीपर्यंत? मग लाल पेन घेऊन माझ्यासमोर पानं खोडत गेले, पहिली चार पूर्ण, पाचव्यावरचं एक वाक्य ठेवलं, मग थेट अकराव्या पानावरचा तक्ता. जे उरलं ते एका पानात बसलं. वर एक ओळ, निराधार व श्रावणबाळ योजनेची उत्पन्न मर्यादा २१,००० वरून वाढवावी. खाली दोन योजनांचा शेजारी शेजारी तक्ता, मग ४१ नावांचा गावनिहाय आकडा, नावं न देता, मग आजीची गोष्ट चार ओळीत. खाली खात्याचं नाव आणि जीआरचा सांकेतांक, जो प्रत्येक शासन निर्णयावर छापलेला असतो आणि तो नसला की मंत्रालयात कुणी कागद शोधत बसत नाही. तिसऱ्यांदा टेबलाशी गेले तेव्हा माझं साठ सेकंदात संपलं.

मग हे पान घेऊन आमदार करू काय शकतो ते शिकवलं. तारांकित प्रश्न टाकू शकतो, त्याला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी, म्हणजे महत्त्वाच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लावू शकतो. खात्याच्या मागण्यांवर चर्चा असते तेव्हा बोलू शकतो. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, पण आणू शकतो, ते मंजूर क्वचित होतं पण विषय कामकाजात नोंदला जातो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला, आणि प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर कागद घेऊन पळण्यात अर्थ नाही. आपण सगळे नेमकं तेच करतो, पेपरात अधिवेशनाची बातमी आली की निवेदन लिहायला बसतो.

अजून एक गोष्ट जी मला अजिबात माहीत नव्हती. आमच्या डोक्यात आमदार म्हणजे आपल्या मतदारसंघाचा एकच. साताऱ्यात आठ, सांगलीत आठ, झाले सोळा. पण विधानपरिषदेत ७८ जागा आहेत, त्यात पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघात सातारा-सांगली दोन्ही येतात, स्थानिक स्वराज्य संस्थांचा सांगली-सातारा असा वेगळा मतदारसंघ आहे. म्हणजे आपला एक आमदार ऐकत नसला तर आपण संपलो असं नाही. हॉलमध्ये निम्मे लोक पदवीधर, पण पदवीधर मतदारसंघाची मतदार नोंदणी कुणीच केलेली नाही, मी पण नाही. ते काम आता केलं.

जेवण उत्तम. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, दुसऱ्या दिवशी आमटी-भात, चारच्या चहाला कंदी पेढा. बायकांच्या मुक्कामाच्या खोल्या स्वच्छ, गरम पाणी सहापर्यंतच असतं तेवढं लक्षात ठेवा. आणखी तक्रार म्हणजे ट्रेनिंगनंतरचा व्हॉट्सॲप ग्रुप. शेवटच्या दिवशी सांगितलं की अधिवेशनाच्या आधी सगळ्यांचे एकपानी कागद तपासून देऊ, आम्ही आठवड्याच्या आत पाठवला, दोनदा आठवण केली, उत्तर नाही. ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा. दोन दिवस इतकं मनापासून शिकवणाऱ्या माणसांनी इथं हात सोडायला नको होता, लहान संस्थेला खरी गरज तिथंच लागते, पहिला कागद पहिल्यांदा घेऊन जाताना. ग्रामपंचायतीच्या पातळीवरचं पण फारच कमी होतं, महिला-बालकल्याणाचा १० टक्के आणि दिव्यांगांचा ५ टक्के निधी ग्रामपंचायतीनं खर्च करायचा असतो, तो कुठं गेला हे ग्रामसभेत विचारणं हे आमच्यासारख्यांना मुंबईपेक्षा जवळचं, त्यावर एक सत्र पाहिजेच होतं.

परत आल्यावर आम्ही काय केलं तेही सांगते. विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये ते एक पान वाचून दाखवलं. जे काका कायम राजकारण नको म्हणायचे त्यांनीच तक्ता दोनदा बघितला आणि विचारलं, हे खरंय का, पासष्टीला असं होतं? ठराव झाला, संस्थेच्या लेटरहेडवर, सगळ्या पक्षांच्या आमदारांना एकच मजकूर. शनिवारी आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो, गर्दी अगदी सरावातल्यासारखीच, पीएंनी कागद उभ्याउभ्या वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, जीआर नंबर आहे का. होता. त्यांनी कागद फाइलला लावला आणि तालुक्याचा आकडा मिळेल का म्हणाले. तो आमच्याकडं नाही, आमच्याकडं आमच्या गावांचाच आहे. म्हणून आता माहिती अधिकारात तहसीलला अर्ज टाकलाय, वर्षभरात निराधार आणि श्रावणबाळचे किती अर्ज आले, किती उत्पन्नाच्या कारणानं नाकारले. खटाव आणि फलटणच्या संस्थांनी पण आपापल्या तालुक्याला हाच अर्ज टाकायचं कबूल केलंय. आटपाडी, जत, कवठे महांकाळकडं कुणी असेल तर सांगा, मजकूर पाठवते.

पुढची बॅच फेब्रुवारीत सांगलीला आहे म्हणतात, फी तेवढीच. जाताना आपलं रजिस्टर घेऊन जा, मूळ नको, झेरॉक्स, आणि त्यात अर्ज नाकारल्याचं कारण आणि तारीख लिहिलेली असू दे. पहिल्या रात्री त्याचीच गरज लागते.